एका प्रतिपिंडाची साक्ष

न्यायाच्या कामांत साक्षीदारास शपथ घालतात. पण तेवढ्यावरून त्याची साक्ष खरी मानीत नाहींत. विरुद्ध पक्षाच्या वकिलास उलटतपासणीचा हक्क असतो, आणि तो नाकारला गेला तर निकालच डळमळतो, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. शास्त्रांतहि साक्षीदार असतात. मात्र ते मुके असल्यामुळें त्यांचीहि उलटतपासणी करावयाची असते हें पुष्कळदां विसरलें जातें. अशाच एका मुक्या साक्षीदाराचा इतिहास आम्ही येथें सांगणार आहों. त्याचें नांव सी-२०. हें एक प्रतिपिंड, म्हणजे सशाच्या रक्तापासून तयार करून प्रयोगशाळांस विकलेलें एक प्रथिन. मनुष्याच्या पेशींत एक विशिष्ट ग्राही आहे कीं नाहीं एवढेंच सांगणें हें त्याचें काम. तें त्यानें कसें केलें, आणि कर्करोगाच्या रोग्यांस द्यावयाच्या औषधाचा प्रश्न त्याच्या साक्षीशीं कसा येऊन भिडला, हें पाहण्यासारखें आहे.

प्रतिपिंड आणि ग्राही या दोन कल्पना जुळ्या भावंडांप्रमाणें एकाच काळीं जन्मास आल्या. १८९० सालीं बर्लिन येथें एमिल फॉन बेरिंग व शिबासाबुरो किटासाटो यांनीं असें दाखविलें कीं, धनुर्वाताचें विष पचविलेल्या प्राण्याच्या रक्तरसांत त्या विषास मारक असें कांहीं तरी उत्पन्न होतें, आणि तो रक्तरस दुसऱ्या प्राण्यास टोंचला असतां त्याचेंहि रक्षण होतें. हें कसें घडतें याचा उलगडा करण्यासाठीं पॉल एर्लिख यानें १८९७ सालीं आपली पार्श्वशाखांची उपपत्ति मांडली. त्याच्या मतें पेशीच्या अंगावर अनेक शाखा असतात. कुलपांत किल्ली बसावी तसें विष त्यांतील एखादीस चिकटतें. मग पेशी त्या जातीच्या शाखा गरजेपेक्षां अधिक निर्माण करते, आणि जास्त झालेल्या शाखा गळून रक्तांत फिरूं लागतात. पेशीवर आहे तोंवर ती शाखा ग्राही. रक्तांत सुटली कीं तीच प्रतिपिंड! पुढील संशोधनांत हें एकत्व टिकलें नाहीं. प्रतिपिंडें ही रक्तांतील एका वर्गाच्या पांढऱ्या पेशींची निर्मिति असून ग्राही ही अगदीं निराळी वस्तु आहे, असें ठरलें. परंतु त्या उपपत्तींतील मर्म मात्र टिकलें. दोन रेणूंचे आकार परस्परांशीं जुळले म्हणजे ते परस्परांस ओळखतात, हें तें मर्म होय. याच ओळखीचा उपयोग करून पुढील शास्त्रज्ञांनीं प्रतिपिंडास हेराचें काम दिलें.

आतां ज्या ग्राहीच्या शोधासाठीं हा हेर निघाला त्याची हकीकत. १९०६ सालीं पॅरिस येथें पॉल कार्नो व त्याची सहकारी देफ्लांद्र यांनीं कांहीं सशांचें रक्त काढलें आणि त्यानंतर त्यांचा रक्तरस दुसऱ्या सशांस टोंचला. त्या दुसऱ्या सशांच्या तांबड्या पेशी वाढल्याचें त्यांस आढळलें. रक्त उणें झालें असतां तें भरून काढण्याचा हुकूम पोंचविणारें एक द्रव्य रक्तांतूनच वाहत असावें, असें त्यांनीं अनुमान केलें. १९४८ सालीं फिन्लंडमधील बोन्सडॉर्फ व यालाविस्टो यांनीं त्यास एरिथ्रोपोइटिन हें नांव दिलें. तें मुख्यतः मूत्रपिंडांत तयार होतें हें शिकागो येथील जेकबसन व गोल्डवॉसर प्रभृतींनीं १९५७ सालीं दाखविलें. परंतु द्रव्य शुद्ध स्वरूपांत हातीं येण्यास आणखी वीस वर्षें लागलीं. ज्यांची अस्थिमज्जा निकामी झाली आहे अशा रोग्यांच्या मूत्रांत तें अधिक असतें. जपानमधील मियाके यांनीं असें २५५० लिटर मूत्र जमविलें, आणि त्यांतून गोल्डवॉसर यांच्या शिकागो येथील प्रयोगशाळेंत शुद्ध एरिथ्रोपोइटिन वेगळें केलें गेलें; तें निघालें अवघे कांहीं मिलिग्रॅम! ही गोष्ट १९७७ सालची. पुढें त्याचें जनुक हस्तगत झालें, द्रव्य कारखान्यांत तयार होऊं लागलें, आणि १९८९ सालीं मूत्रपिंडें निकामी झालेल्या रोग्यांच्या पांडुरोगावर तें औषध म्हणून अमेरिकेंत मान्य झालें. त्याच वर्षीं डॉंद्रेआ, लोडिश व वाँग यांनीं उंदराच्या पेशींतून त्याच्या ग्राहीचें जनुक हुडकून काढलें. अस्थिमज्जेंतील कोंवळ्या पेशींवर हा ग्राही असतो. एरिथ्रोपोइटिन त्यास येऊन बसलें म्हणजे "जग आणि वाढ" असा निरोप पेशीच्या पोटांत जातो.

या निरोपाचा अर्थ वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कारण पुढील सर्व भीति त्यांतूनच उद्भवली. कर्करोगाच्या रोग्यांस तीव्र औषधोपचारामुळें पांडुरोग जडतो. त्यांसहि हें औषध देण्याचा प्रघात १९९३ पासून पडला होता. रक्त सुधारलें तर रोग्यास हुशारी येईल, इतकेंच नव्हे तर क्ष-किरणांचा उपचारहि अधिक लागूं पडेल, अशी आशा होती. परंतु २००३ सालीं जर्मनींतील मिखाएल हेंके व त्यांचे सहकारी यांनीं डोकें व मान यांच्या कर्करोगाच्या ३५१ रोग्यांवरील चाचणीचा निकाल प्रसिद्ध केला, तो सर्वांस चकित करणारा होता. ज्यांस औषध मिळालें त्यांचें रक्त सुधारलें खरें, पण त्यांचा कर्करोग अधिक लवकर बळावला. स्तनाच्या कर्करोगाच्या ९३९ रोगिणींवरील दुसऱ्या एका चाचणींत औषध घेणाऱ्यांचे मृत्यु पहिल्या कांहीं महिन्यांतच अधिक झाल्यानें तेथें औषध देणें थांबवावें लागलें. तिची वार्ताहि त्याच वर्षीं बाहेर आली. मग साहजिकच प्रश्न उठला, "जग आणि वाढ" हा निरोप कर्कपेशींसहि ऐकूं जातो काय? म्हणजेच, त्यांच्यावर हा ग्राही आहे काय?

येथें सी-२० यास साक्षीस बोलावण्यांत आलें. अशा साक्षीच्या दोन रीति आहेत. एकींत रोग्याच्या गांठीच्या पातळ कापावर प्रतिपिंड घालतात. तें जेथें चिकटेल तेथें रंग उमटतो. दुसरींत पेशींतील सर्व प्रथिनें जेलीसारख्या थरांतून विजेच्या प्रवाहानें ओढतात. हलकीं पुढें धांवतात, जड मागें रेंगाळतात, आणि अशीं वजनवार मांडलेलीं प्रथिनें एका पातळ पटलावर उतरवून घेऊन त्यांवर प्रतिपिंड फिरवितात. म्हणजे प्रतिपिंडानें कोणास ओळखलें हेंच नव्हे, तर ओळखलेल्या असामीचें वजन काय हेंहि कळतें. सी-२० हें ग्राहीच्या शेंड्याकडील एका लहानशा तुकड्यास ओळखावें म्हणून तयार केलें होतें. त्यानें व त्याच्यासारख्या इतर प्रतिपिंडांनीं नाना प्रकारच्या गांठींत ग्राही असल्याची साक्ष दिली. २००६ सालीं हेंके यांनीं आपल्या जुन्या रोग्यांच्या गांठी याच सी-२० नें तपासल्या. ज्यांच्या गांठींत रंग उमटला त्यांसच औषध बाधलें, इतरांस नाहीं, असें त्यांस दिसलें. साखळी पुरी झाली असें कोणासहि वाटावें.

पण त्याच २००६ सालीं स्टीव्ह एलियट व त्यांचे सहकारी यांनीं या साक्षीदारांची उलटतपासणी घेतली. पहिला प्रश्न अगदीं साधा होता. ग्राहीच्या रचनेवरून त्याचें वजन ५६ ते ५७ किलोडाल्टन भरावयास हवें. मग साक्षीदार ज्याच्याकडे बोट दाखवितात त्याचें वजन ६६ पासून ७८ पर्यंत कसें? हा फरक छापून आलेल्या निबंधांतून सर्वांच्या डोळ्यांसमोर होता; परंतु ग्राहीस कांहीं जोड लागून तो जड झाला असेल, असा सोईस्कर खुलासा करून तो बाजूस सारला जाई. एलियट यांनीं ती ६६ ची असामी पकडून तिची ओळख पटविली. ती ग्राही नव्हतीच. उष्णतेच्या वा इतर आघाताच्या प्रसंगीं पेशींत वाढणाऱ्या एचएसपी-७० या कुळांतील तें एक प्रथिन होतें. त्याच्या बांधणींतील एक लहानसा तुकडा ग्राहीच्या तुकड्याशीं मिळताजुळता असल्यामुळें सी-२० त्यासहि चिकटत होतें. साक्षीदार जाणूनबुजून खोटें बोलला नाहीं. त्यानें कोणास तरी पाहिलें होतें खास. पण ज्याचें नांव सांगितलें तो तो नव्हे.

येथें चोखंदळ वाचक एक शंका काढील, आणि ती रास्त आहे. एलियट हे अ‍ॅमजेन या कंपनींत काम करीत, आणि याच जातीचीं औषधें ती कंपनी विकीत असे. कर्कपेशींवर ग्राही नाहीं असें ठरण्यांत तिचा लाभ होता. मग या वकिलावर तरी विश्वास कां ठेवावा? आमचें उत्तर असें कीं, त्याच्यावर विश्वास ठेवण्याचें कारणच नाहीं. त्यानें विचारलेला प्रश्न दुसरा कोणीहि आपल्या प्रयोगशाळेंत विचारूं शकतो, आणि बेलफास्ट येथील संशोधकांनीं २००७ सालीं फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतींत तो विचारलाहि. बाजारांतील या प्रतिपिंडांच्या ओळखीवर विसंबतां येत नाहीं, असेंच त्यांस आढळलें. हेतूचा संशय घेऊन शास्त्रीय वाद मिटत नाहींत. ज्याच्या हेतूविषयीं संशय आहे त्याचा प्रयोग पुन्हां करून पाहिल्यानें मिटतात.

उलट, या निकालावरून औषध निर्दोष ठरलें असें समजणें हीहि तितकीच मोठी चूक होईल. रोग्यांस झालेला अपाय हा प्रतिपिंडानें सांगितलेला नव्हता; तो रोग्यांच्या मोजदादीनें सिद्ध झालेला होता. या औषधानें रक्ताच्या गुठळ्या होण्याचें भय वाढतें हेंहि स्वतंत्रपणें ठरलें आहे. म्हणूनच २००७ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें या औषधांच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटींत धोक्याचा इशारा छापावयास लाविला. अपाय खरा, परंतु त्याचें जें कारण दाखविलें गेलें त्याचा पुरावा कच्चा, असे हे दोन निराळे निकाल आहेत. एका साक्षीदाराची साक्ष बाद झाली म्हणून गुन्हा घडलाच नाहीं असें कोणतेंहि न्यायालय म्हणणार नाहीं.

या प्रकरणापासून जो धडा निघाला तो आपल्या जुन्या म्हणींत आधींच सांगितला आहे. खुंटा हलवून बळकट करावा. ज्या पेशींत ग्राहीचें जनुकच काढून टाकलें आहे तेथेंहि प्रतिपिंड रंग दाखवीत असेल तर तें कुचकामाचें. एकाच प्रथिनाच्या निरनिराळ्या भागांस ओळखणारीं दोन प्रतिपिंडें एकच साक्ष देत असतील तर भरंवसा वाढतो. २०१६ सालीं शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळानें अशा पांच कसोट्या सुचविल्या. आश्चर्य एवढेंच कीं, त्या सुचविण्यास बेरिंग व किटासाटो यांच्या शोधानंतर सव्वाशें वर्षें जावीं लागलीं.

हा सर्व खटाटोप प्रयोगशाळेंतील मंडळींपुरताच आहे असें कोणी समजूं नये. स्तनाच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅब हें औषध १९९८ पासून प्रचारांत आहे. तें कोणास द्यावयाचें हें ठरविण्यासाठीं गांठीचा पातळ काप घेऊन त्यावर प्रतिपिंड घालतात, आणि हर-टू नांवाचा ग्राही किती आहे हें रंगावरून वाचतात. ही तपासणी मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतहि होत असते. ती करतांना, ज्यांतील ग्राहीचें प्रमाण आधींच ठाऊक आहे असा दुसरा काप शेजारीं ठेवून त्यावर तेंच प्रतिपिंड घालण्याची शिस्त आहे. कारण प्रतिपिंडानें ओळखीच्या माणसास बरोबर ओळखलें तरच अनोळख्याविषयींच्या त्याच्या साक्षीस किंमत. कोणाच्या तरी घरीं त्या कागदाची वाट पाहणें चाललेलें असतें. सी-२० च्या इतिहासाचें महत्त्व आम्हांस वाटतें तें यासाठीं.