लाखेचा हात

मराठीत ‘रोगण’ म्हटले की सुतार आठवतो, उर्दूत ‘रोगन’ म्हटले की तेल-तूप. रोगनजोशमधला रोगन तोच. एकोणिसाव्या शतकातल्या पॉलिश केलेल्या लाकडी कॅमेऱ्यांवर मात्र बहुतेक वेळा तेलाचे रोगण नसून लाखेचे पॉलिश असते, आणि ही लाख प्रामुख्याने हिंदुस्थानातून गेलेली.

पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा किडा वाढतो. त्याची राळ धुऊन, कापडाच्या लांब पिशवीत भरून भट्टीसमोर वितळवत आणि तिचे पातळ पापुद्रे ओढत. हाच चपडा. मिर्झापूर या धंद्याचे मोठे ठाणे होते. विलायतेतले कारागीर चपडा स्पिरिटात विरघळवून कापडाच्या बोळ्याने महोगनीवर हातावर हात चढवीत. त्याला नाव पडले फ्रेंच पॉलिश! मिर्झापूरची लाख अशी लंडनला जाऊन कॅमेऱ्याच्या अंगावर बसून परत आली.

छायाचित्रण आपल्याकडे फार लवकर पोचले. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. लखनौत अहमद अली खान 1857 पूर्वीच फोटो काढत होते, आणि दारोगा अब्बास अली यांचा ‘लखनौ अल्बम’ 1874 साली छापला गेला. पण इथली हवा विलायती पेटीला मानवत नसे. उन्हाने सांधे उकलत, जनावरी सरस ओल धरी, पॉलिशवर पांढुरकी झाक येई. म्हणून पुढे सागवानाचे, पितळी पट्ट्यांनी आवळलेले ‘ट्रॉपिकल’ कॅमेरे निघाले. केरळात आलप्पुळा येथे 1940 च्या दशकात ‘वागीश्वरी’ हा लाकडी कॅमेरा बनू लागला आणि स्टुडिओंतून वर्षानुवर्षे टिकला.

असा कॅमेरा हाती आला की पहिला मोह होतो काचपेपर मारून वर चकचकीत पीयू चढवण्याचा. जुन्या वस्तूंच्या बाजारात अशा ‘नवऱ्या मुली’ पुष्कळ दिसतात. माझ्या मते हे पुसून टाकणे आहे. 1851 नंतरच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काच सिल्व्हर नायट्रेटने निथळतच कॅमेऱ्यात जाई. ते थेंब मागच्या चौकटीत, तळाशी काळे डाग पाडून जात. अल्बम काढणाऱ्यांची नावे राहिली. गावोगाव पेटी घेऊन फिरलेल्या कितीतरी जणांची राहिली नाहीत. त्यांच्या कामाचा पुरावा म्हणजे हे डाग आणि बोटांनी झिजलेल्या कडा. मुलांना इतिहास शिकवताना आपण शिलालेख सांगतो, हा लाकडावरचा लेख मात्र काचपेपरखाली जातो.

लाखेचा एक मोठा गुण असा की ती पुन्हा स्पिरिटात विरघळते. आधी नजरेआड कोपऱ्यात स्पिरिटाचा एक थेंब लावून पाहावा. चिकट झाले तर लाख समजावी. मग जुना थर खरवडायचे कारण नाही. कोरड्या मऊ फडक्याने धूळ काढावी, मग किंचित स्पिरिट घेतलेला बोळा हलक्या हाताने फिरवावा. तडकलेला थर मऊ होऊन पुन्हा एकजीव होऊ लागतो. उघड्या पडलेल्या जागी पातळ ताजा चपडा द्यावा, प्रत्येक हात वाळू द्यावा. पावसाळ्यात हे काम काढू नये, ओलसर हवेत थर पांढरा पडतो. भात्याच्या चामड्याला स्पिरिट लागू देऊ नये. आणि पितळेला चिंच लावून घासू नये, कारण त्या पितळेवरही बहुधा लाखेचाच एक पातळ हात दिलेला असतो.