नाक्यावरची पावती

आमच्या तालुक्याच्या गावात शिरायला तीन रस्ते होते आणि तिन्ही रस्त्यांवर नगरपालिकेचा जकात नाका होता. नाका म्हणजे काय, तर पत्र्याची एक खोली, बाहेर बाकडं, आत टेबल आणि कंदील, भिंतीवर दरांचा तक्ता आणि रस्त्यावर आडवा टाकायला एक बांबू. बांबूच्या बुडख्याला दगड बांधलेला. दोरी सोडली की बांबू आपोआप वर जायचा. नाना, म्हणजे माझे वडील, या नाक्यावर कारकून होते. त्यांचा डबा घेऊन मी जायचो आणि शिपायाची परवानगी मिळाली तर एखाद्या गाडीसाठी दोरी सोडायचो. तिसरीतल्या पोराला याहून मोठा हुद्दा काय असतो?

आजोबांना आम्ही बाबा म्हणायचो. ते तीन कोसांवरच्या आमच्या मूळ गावी शेती करायचे. रविवारी बाजार. सुगी झाली की त्यांची बैलगाडी बाजरी घेऊन याच नाक्यावरून यायची. एका रविवारी नानांची पाळी होती. बाबांची गाडी रांगेत आली, नानांनी पोती मोजली, पुस्तकात कार्बन सरकवला आणि लिहायला लागले.

"आरं, बापाची बी पावती फाडतो का?" बाबा गाडीवरूनच म्हणाले.

"बापाचीच आधी फाडावी लागती बाबा. मागं रांगेत सगळं गाव उभंय."

बाबांनी कोपरीच्या खिशातून पैसे काढले, पावती घेतली. त्या दिवशी बाजार उरकून ते घरी जेवायला आले नाहीत, तसेच परत गेले. आईने केलेल्या भाकरी तशाच राहिल्या. पुढचे तीन बाजार हेच. चौथ्या बाजारी आले, पण नानांशी बोलले नाहीत.

मला तेव्हा वाटायचं, भांडण दोन-तीन रुपयांचं आहे. ते तसं नव्हतं, हे फार पुढं कळलं.

आपल्याकडे गावकारभार कंपनी सरकारच्या काळातच सुरू झाला. १८५० साली सव्वीसावा कायदा झाला. ज्या गावच्या लोकांना आपल्या गावची सफाई, रस्ते, दिवाबत्ती स्वतः बघायची असेल, त्यांनी अर्ज करावा, सरकार तिथं म्युनिसिपालिटी देईल, असं त्याचं स्वरूप. नगर शहराची म्युनिसिपालिटी १८५४ ची. संगमनेरची तिच्या मागोमाग आली, म्हणजे तीही दीडशे वर्षांहून जुनी. १८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि निवडून आलेले सभासद वाढत गेले. पण कारभार म्हटला की पैसा लागतो. लोकांच्या घरावर पट्टी बसवायची म्हणजे शेजाऱ्यानेच शेजाऱ्याच्या दारात उभं राहायचं. त्यापेक्षा वेशीवर येणाऱ्या मालावर कर घेणं सोपं. मुंबई इलाख्यातल्या बहुतेक लहान म्युनिसिपालट्या या जकातीवरच उभ्या राहिल्या.

ही जकात कुणाच्या अंगावर पडते, हे जोतिराव फुल्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये शहरात माल आणणाऱ्या शेतकऱ्यावर पडणाऱ्या म्युनिसिपालिटीच्या जकातीबद्दल त्यांची तक्रार आहे. आणि ही तक्रार बाहेरच्या माणसाची नव्हे. १८७६ पासून काही वर्षं ते स्वतः पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते.

बाबांनी फुले वाचले नव्हते, त्यांना सहीपुरतं येत होतं. पण एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून, रस्त्यावरच्या म्युनिसिपालटीच्या दिव्याकडे हात करून ते मला म्हणाले, "ह्या दिव्यात माझी बाजरी जळती बघ. आन् माझ्या गावात काळोख." हा त्यांचा खरा राग होता. नगरपालिकेत त्यांना मत नव्हतं. गटारीबद्दल बोलायला सभेत जायची सोय नव्हती. पावती मात्र दर बाजारी होती.

नानांची बाजू वेगळी होती आणि तीही खोटी नव्हती. बाबांची गाडी ज्या रस्त्याने यायची तो नगरपालिकेचा, बाजारतळ आणि त्यावरचे ओटे नगरपालिकेचे, बाजार उठल्यावर पहाटे झाडू मारणाऱ्या बाया नगरपालिकेच्या. नाक्यावर तीन पाळ्या चालत. कुठल्या मालाला वजनावर जकात, कुठल्याला किमतीवर. किमतीच्या मालात खरी गंमत. काही व्यापाऱ्यांकडे दोन बिलं असत, एक दुकानासाठी आणि एक नाक्यासाठी. कापडाच्या गाठी रात्री शेतातल्या गाडीवाटेने आत जायच्या हेही सगळ्यांना ठाऊक होतं. गावात न थांबता पुढं जाणाऱ्या ट्रकला पारगमनाचा पास द्यायचा. म्हणजे हुशार माणूस गाठी वाचवून नेई, आणि बाजरीची पोती उघड्या गाडीत असल्यामुळे सगळ्यांना दिसत. नाना हे कबूल करायचे, पण घरात, दार लावून.

पाळी संपली की पावतीपुस्तकाची स्थळप्रत आणि रोकड जुळवायची, रोजकीर्दीत आकडा चढवायचा, दुसऱ्या दिवशी भरणा. दहा पैसे कमी आले तरी नाना खिशातून घालायचे. जास्त आले तर रात्रभर झोप नाही.

या रोजच्या भरण्यावर गाव चालायचं. सफाई कामगारांचे पगार, दिव्यांचं बिल, शाळेच्या खोलीची कौलं. मुख्याधिकाऱ्याने सकाळी आधी कालची जकात किती आली ते विचारायचं. १९७२ च्या दुष्काळात हे नागडं दिसलं. शेतात काही पिकलं नाही, बाजाराला गाड्या आल्या नाहीत, नाक्यावरचा बांबू दुपारभर वरच राहायचा. बाबा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले आणि इकडे नगरपालिकेत पगार पुढं ढकलले गेले. खेड्यातलं पीक आणि गावातला झाडू एकाच दोरीला बांधलेले आहेत, हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं नाही. आमच्याच घरात दोन्ही टोकं होती.

त्या वर्षी बाबा नानांशी बोलायला लागले. कुणी कुणाची माफी मागितली नाही. नाना एका पाळीनंतर सायकलवर ज्वारीचं पोतं टाकून गावी गेले, एवढंच. पोतं गावाबाहेर चाललं होतं, त्यामुळे पावतीचा प्रश्न आला नाही, असं आई हसून सांगायची.

१ मे १९९९ पासून राज्यातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली. व्यापारी कितीतरी वर्षं मागणी करत होते. ट्रकवाल्यांना नाक्यानाक्यावर उभं राहणं नको होतं. सरकारने सांगितलं, जकातीच्या बदल्यात अनुदान देऊ. महानगरपालिकांची जकात पुढं टप्प्याटप्प्याने गेली. मुंबईच्या वेशीवरचे नाके तर थेट १ जुलै २०१७ ला, जीएसटी आल्यावर बंद झाले.

नाना तेव्हा निवृत्त झाले होते. बाबा जाऊन बारा वर्षं झाली होती. महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन झाल्यावर नाना नाक्याकडे गेले, मीही सोबत होतो. बांबू काढून भिंतीला टेकवलेला. ट्रक वेग कमी न करता जात होते. नाना बाकड्यावर बसले आणि सवयीने मोजायला लागले. सतरापर्यंत मोजलं आणि म्हणाले, "चल, चहा घेऊ."

बाबांना बरं वाटलं असतं, यात शंका नाही. मलाही वाटलं. पण नगरपालिकेत त्यानंतर काय झालं ते मी जवळून पाहिलं. अनुदान यायचं, पण कधी ते मुंबईच्या हातात. आधी कालचा आकडा विचारणारं ऑफिस आता "जीआर निघाला का" एवढंच विचारायला लागलं. उरली घरपट्टी आणि पाणीपट्टी. ती वाढवायचा विषय सभेत आला की नगरसेवक एकमेकांकडे बघत, विषय तहकूब. का नाही बघणार? जकात द्यायला परगावची गाडी होती, तिला मत नव्हतं. घरपट्टी देणाऱ्याला मत आहे आणि तो ते विसरत नाही. मार्च आला की वसुलीसाठी थकबाकीदाराच्या दारात ढोल वाजवायचा, नळ तोडायचा, एप्रिलमध्ये पुन्हा जोडायचा. स्वराज्य म्हणजे आपल्या माणसाकडून पैसे मागायचं धाडस, आणि ते धाडस जकातीने दीडशे वर्षं आम्हाला करूच दिलं नाही, असं माझं मत झालं आहे. नाना याला कधीच मान देणार नाहीत. त्यांच्या मते नाका गेला आणि गावाच्या हातचा पैसा गेला.

२०१४ साली सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करायचं ठरवलं. आपल्या जिल्ह्यात पारनेर, कर्जत, अकोले ही गावं त्यातून नगरपंचायती झाली. जकात काय असते हे या नगरपंचायतींनी कधी पाहिलंच नाही, पण घरपट्टीची आकारणी निघाली की तिथंही कुरकुर तीच.

बाबा गेले तेव्हा त्यांच्या पेटीत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली, एका तारेत ओवलेल्या पावत्या सापडल्या होत्या. शेतसाऱ्याच्या, सोसायटीच्या आणि नाक्यावरच्या. नाक्यावरच्या काहींवर नानांची सही. त्या नाना घरी घेऊन आले. चष्मा लावून एकेक बघत बसले, दर आणि पोती गुणून बघत. एका पावतीवर थांबले, बोटांवर पुन्हा मोजलं.

"इथं पन्नास पैसे जास्त घेतलेत मी," ते म्हणाले. तारीख त्याच रविवारची होती.