उद्गारचिन्हाची दोन घरे

मुंबईहून कळंबला पाकीट धाडायचे आणि त्यावर पुणे, कुर्डुवाडी, बार्शी, येरमाळा असा सगळा मार्ग पाठवणाऱ्यानेच लिहायचा! यूयूसीपीच्या जाळ्यात ई-मेलचा पत्ता असाच लिहावा लागे. बेल प्रयोगशाळेतल्या माइक लेस्क यांनी १९७६च्या सुमारास ही व्यवस्था उभी केली. रात्री-अपरात्री एक युनिक्स संगणक दुसऱ्याला फोन लावी आणि साठलेला मजकूर पुढे ढकली. वाटेतल्या संगणकांची नावे एकमेकांपासून तोडायला उद्गारचिन्ह वापरत.

त्याच दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात बर्कलीला बिल जॉय सी-शेल लिहीत होते. शेल म्हणजे टंकलेली आज्ञा वाचून ती संगणकाकडून पार पाडून घेणारा प्रोग्रॅम. आधी दिलेली आज्ञा पुन्हा टंकायला लागू नये म्हणून त्यांनीही उद्गारचिन्हच निवडले. चिन्ह एक, कामे दोन.

शेलवर टंकलेली ओळ आधी शेल वाचतो. त्याने सोडलेले तेवढेच पत्र पाठवणाऱ्या ‘मेल’ या प्रोग्रॅमच्या हाती पडते. त्यामुळे ‘मेल यूयूनेट!शक्ती!राम’ असे टंकले की सी-शेल जुन्या आज्ञांमध्ये ‘शक्ती’ने सुरू होणारी आज्ञा धुंडाळी आणि ‘इव्हेंट नॉट फाउंड’ म्हणून थांबे. पत्र निघतच नसे. पत्ता अवतरणात घालूनही उपयोग नव्हता. प्रत्येक उद्गारचिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्यायची, एवढाच इलाज. बेलच्या बोर्न शेलमध्ये ही अडचण नव्हती, कारण तिथे उद्गारचिन्हाला हे दुसरे काम दिलेलेच नव्हते.

भारतात ई-मेल आला तो याच वाटेने. शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या अर्नेट प्रकल्पात १९८६-८७ साली जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी फोनच्या तारेवरून जोडली गेली. पुढे जुहूहून अमेरिकेतल्या यूयूनेट या सेवेशी दुवा जुळला. वरच्या उदाहरणातले ‘शक्ती’ हे जुहूच्याच एका संगणकाचे नाव. १९८९मध्ये भारताचे ‘डॉट इन’ हे इंटरनेटवरचे नाव आले. मार्ग शोधायचे काम हळूहळू यंत्रांकडे गेले आणि पत्त्यांतले उद्गारचिन्ह मागे पडले. शेलमध्ये मात्र ते टिकले. १९८९मध्येच बाहेर आलेल्या बॅश या शेलनेही ते उचलले.

शेल आणि मेलची पुढची गाठ वेगळ्या घरात पडली. जेफ्री स्नोव्हर यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये ‘मोनाड’ नावाने रचलेला शेल नोव्हेंबर २००६मध्ये ‘पॉवरशेल’ म्हणून आला. पुढच्याच महिन्यात एक्सचेंज २००७ हा मेल सर्व्हर तयार झाला. त्याचा सगळा कारभार पॉवरशेलवर बेतलेला होता. खिडकीत माउसने नवी टपालपेटी उघडली, तरी आतून शेलचीच आज्ञा चाले. त्यामुळे एक्सचेंजची बीटा आवृत्ती तपासणाऱ्यांना, त्या वेळी स्वतःच अपुरा असलेला शेलही त्या आवृत्तीशी जुळणाराच ठेवावा लागे. त्या दोघांचे जुळले नाही, तर मेल सर्व्हरचा कारभारच अडे.