स्थानबद्ध पाठाचे स्थलांतर : पोस्टग्रेस्क्यूएलच्या शिकवणीच्या आज्ञावलींविषयी

‘येथे’, ‘तेथे’, ‘वर’ ही दर्शक पदे बोलणाऱ्याचे स्थान ठाऊक असल्यावाचून अर्थ देत नाहीत, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकास सांगावयास नको. संगणकाच्या आज्ञावलींतही अशी पदे असतात, आणि आज्ञावली मूळ जागेवरून हलविली की त्यांचा अर्थ लोपतो. पोस्टग्रेस्क्यूएल या विदागार-प्रणालीबरोबर मिळणाऱ्या शिकवणीच्या पाठांचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये जो प्रकल्प सुरू झाला, त्याची ही प्रणाली वारस होय. आजचे नाव तिला १९९६ मध्ये मिळाले. तिच्या मूळ संहितेच्या एका फोल्डरात शिकवणीचे पाठ आहेत. त्यांतील एकात संमिश्र संख्येचा नवा विदाप्रकार सी भाषेत रचून दाखविला आहे. संहितेच्या आत राहून हा पाठ कंपाइल करावयाचा, तर त्याची मेकफाइल ‘दोन पायऱ्या वर जा, तेथे सामायिक नियम आहेत’ एवढेच सांगते. फोल्डर अन्यत्र नेताच हे ‘वर’ निराधार होते. प्रणाली तयार पॅकेजरूपाने बसविणाऱ्या विद्यार्थ्याजवळ तर मूळ संहिताच नसते.

यावर व्यवस्थित तोडगा निघाला तो २००५ च्या ८.० या आवृत्तीत. पीजीएक्सएस नावाची नियमावली प्रणालीसोबतच बसविली जाऊ लागली, आणि ती कोठे आहे हे ‘पीजी-कॉन्फिग’ ही लहानशी आज्ञावली सांगू लागली. शिकवणीच्या मेकफाइलीत आज हाच मार्ग गृहीत धरलेला आहे. संहितेच्या आत राहून काम करावयाचे असेल, तरच तसे वेगळे सांगावे लागते. पूर्वीचा नियम अपवाद झाला, हा बदल लहान नव्हे.

तथापि कंपाइल झाले म्हणजे पाठ चालला असे नाही. एसक्यूएलच्या पाठात वाचनालयाच्या फाइलीचा मार्ग एका खुणेने दर्शविलेला असतो, आणि मेक चालविताना त्या खुणेच्या जागी चालू फोल्डराचा पूर्ण मार्ग लिहिला जातो. म्हणजे ‘येथे’ या पदाचे विशेषनाम होते. परंतु ती फाइल विद्यार्थी नव्हे, सर्व्हर वाचतो. विद्यार्थ्याच्या खाजगी फोल्डरात त्याला प्रवेश नसेल, तर पाठ तेथेच थांबतो. फाइल प्रणालीच्या वाचनालय-फोल्डरात बसविणे हा त्यावर उपाय होय.

जुनी प्रत उतरवून घेणाऱ्यास आणखी दोन अडसर भेटतात. २००६ च्या ८.२ पासून प्रत्येक वाचनालयात आवृत्तीची ओळख पटविणारी खूण आवश्यक झाली. ती नसेल किंवा जुळत नसेल, तर सर्व्हर वाचनालय नाकारतो. २०१७ च्या १० व्या आवृत्तीने फलने पुकारण्याची जुनी रीत काढून टाकली. त्यामुळे त्या रीतीने लिहिलेला पाठ योग्य जागी ठेवला तरी चालत नाही. म्हणजे स्थानाबरोबर काळही अध्याहृत असतो.

या साऱ्या इतिहासाचे सार इतकेच की, पाठ मूळ वृक्षाबाहेर नेणे म्हणजे त्यातील अध्याहृत गोष्टी एकेक करून उक्त करणे. नियम कोठे आहेत, फाइल कोण वाचणार, आवृत्ती कोणती, ही विधाने पाठातच आली पाहिजेत. जो पाठ केवळ लेखकाच्या घरी चालतो, तो नमुना म्हणून कितीही सुबक असला तरी शिकणाऱ्याच्या हाती पोहोचलेला नसतो.