वाट मोडण्याची आज्ञा, वाट जपण्याचे श्रमदान

१/५
धर्माबादहून सह्याद्रीकडे निघालेल्या दुर्गप्रेमीने आधी पाहिलेले असतात ते भुईकोट: कंधार, उदगीर, औसा. तेथे शत्रूला खंदक अडवी. सह्याद्रीत ते काम अवघड वाट करी.

२/५
रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सुमारे १७१५-१६) आदेश आहे: गडाचा मार्ग सुगम असल्यास तो मोडावा, त्यावर झाडी वाढवावी. भोवतालची झाडी हीच गडाची राखण. तिची काठीही तोडू देऊ नये.

३/५
पुढे मराठेशाही बुडाली. इंग्रजांनी अलंगसारख्या गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. शिबंदी उठली, वाटा बुजल्या.

४/५
आज स्वयंसेवक सुटीच्या दिवशी कुदळ-घमेली घेऊन गड चढतात. ढासळलेल्या पायऱ्या सावरतात, टाक्यांतला गाळ उपसतात, दिशाफलक लावतात. संरक्षित गडावर मात्र पुरातत्त्व विभागाची परवानगी हवीच; जागचा हललेला घडीव दगड म्हणजे पुसलेला पुरावा.

५/५
२०२५ मध्ये १२ मराठा दुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारशात आले. गर्दीबरोबर वाटा रुंद करण्याचा मोहही वाढेल. अमात्यांनी शत्रूसाठी राखलेली झाडी आज पावसात उताराची माती धरून ठेवते. म्हणून पाऊलवाट तेवढी मोकळी करावी, उतार उघडा पाडू नये. आपल्या माहूरगडालाही हाच न्याय.