पाण्याचा खजिना

कोल्हापुरात मंगळवार पेठेत 'पाण्याचा खजिना' नावाचा भाग आहे. बाहेरगावचा पाहुणा हा पत्ता ऐकून हमखास विचारतो, "पाण्याचा कसला आलाय खजिना?" मग त्याला सांगावं लागतं, की पंचगंगा गावाला खेटून वाहत असतानाही एकेकाळी कात्यायनीच्या डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी जमिनीखालच्या नळांतून इथे आणलेलं होतं. नाव ठेवणाऱ्याला पाण्याची किंमत कळत होती, एवढं नक्की.

मला मात्र त्या नावामागची सवय विचारात पाडते. गावात तळी काही कमी नव्हती. कपिलतीर्थ बुजवून मंडई झाली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. कात्यायनीनंतर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळंबा तलावाचं पाणी आलं. पुढे गाव वाढलं तसे बालिंगा आणि शिंगणापूरचे उपसे सुरू झाले, गावाच्या वरच्या अंगाला. आणि कित्येक वर्षांच्या आंदोलनांनंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून सुमारे ५३ किलोमीटरच्या थेट पाईपलाईनने पाणी पुईखडीला पोचलं. लोकांनी फटाके वाजवले, तेही रास्तच होतं. २०१९ च्या महापुरात गावाभोवती पाणीच पाणी आणि उपसा केंद्रं बुडाल्यामुळे नळ कोरडे, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना त्या फटाक्यांचा अर्थ सांगायला नको.

पण हा सगळा प्रवास एका दमात वाचून बघा. दर वेळी आपण आणखी वर गेलो. आणि कळंबा-कात्यायनीच्या बाजूने येणारी जयंती नदी? तिला आता सगळे जयंती नालाच म्हणतात. गावाचं सांडपाणी घेऊन ती पंचगंगेला मिळते.

"पण आता पाणी तपासतात की!" असं कुणीही म्हणेल. तपासतात, आणि ते फार मोलाचं काम आहे. पावसाळ्यात आरोग्य खात्याचा माणूस दारात येतो, नळाचं पाणी छोट्या नळीत घेतो, ओटीचे थेंब टाकतो. पाणी पिवळं झालं की क्लोरीन शिल्लक आहे, नाही झालं तर काळजी. प्रयोगशाळेत कोलिफॉर्म जिवाणू शोधतात. ते सापडले तर पाण्यात मैला मिसळल्याचा संशय घ्यायचा. म्हणजे बहुतेक वेळा आपण रोग शोधत नसतो, रोगाच्या वाटेवरच्या पाऊलखुणा शोधत असतो.

या पाऊलखुणा दर वेळी उमटतातच असं नाही. दिल्लीची १९५५-५६ ची गोष्ट यासाठी वाचावी. यमुनेचं पात्र सरकलं, नजफगड नाल्याचं सांडपाणी उलटं फिरून वजिराबादच्या उपशापाशी आलं. जलशुद्धीकरण केंद्रातल्या लोकांच्या ते लक्षात आलं, त्यांनी तुरटी आणि क्लोरीनचा मारा वाढवला. टायफॉईड वाढला नाही. तरी सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जिवाणू मेले होते, विषाणू पार झाला होता. तो हेपेटायटिस-ई चा होता, हे कळायला पुढची काही दशकं जावी लागली. शिवाय ही कावीळ पाणी प्यायल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी दिसते. रुग्ण दवाखान्यात येईपर्यंत ते पाणी कधीच वाहून गेलेलं असतं. तेव्हा नळाचा नमुना स्वच्छ आला, तर त्यातून काय सिद्ध होतं?

आपल्याकडची आठवण इतकी जुनी नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. माणसं दगावली. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातही गेला. इचलकरंजीच्या प्रोसेसचं पाणी, कारखान्यांची मळी, काठच्या गावांचं सांडपाणी, सगळ्यांचा त्यात वाटा. पण नकाशात कोल्हापूर वर आहे आणि इचलकरंजी खाली, हे काही कुणाला बदलता येत नाही. त्याच्याही खाली शिरोळ तालुका. तेरवाडच्या बंधाऱ्यात मेलेल्या माशांचा खच पडतो, तो त्यांना बघावा लागतो.

मग इचलकरंजीने काय केलं? जे आपण केलं तेच. दूरचं पाणी शोधलं. दूधगंगेवरची सुळकूड योजना पुढे आली, तेव्हा दूधगंगाकाठच्या गावांनी विरोध केला. दोन्हीकडची माणसं आपापल्या जागी खरी आहेत, म्हणूनच हे भांडण सुटत नाही. प्रत्येकाला वरचं पाणी हवं, आणि वर जायला आता फारशी जागा उरलेली नाही.

म्हणून मला वाटतं, आपल्या नळाच्या पाण्याचा अहवाल आपण वाचतोच, तसा जयंती नाला जिथे नदीला मिळतो तिथल्या पाण्याचाही वाचावा. आपण काय पितो हे पहिल्यातून कळतं. खालच्या गावाला आपण काय पाजतो, ते दुसऱ्यातून.

खजिना आपल्याला वारशाने मिळाला. खर्चाचा हिशेब मात्र खालची गावं ठेवताहेत...