धावपट्टीच्या टोकाचा रस्ता

लखनौच्या आपल्या मराठी मंडळींत गणपतीच्या दहा दिवसांत दोन विषय हमखास निघतात. पहिला पुष्पक एक्स्प्रेसच्या आरक्षणाचा आणि दुसरा आपापल्या गावच्या विमानतळाचा. कोल्हापूरचे म्हणतात, आमच्याकडे आता रात्रीही विमान उतरते. मराठवाड्याचे म्हणतात, आमची धावपट्टी तुमच्यापेक्षा लांब. मग कुणीतरी नव्या टर्मिनलचा फोटो दाखवतो आणि चहा येईपर्यंत वाद रंगतो. या वादात टर्मिनलच्या काचा, सरकते जिने आणि तिकिटाचे दर सगळे येते. येत नाही ती एकच गोष्ट : विमान सुखरूप उतरावे व उडावे यासाठी धावपट्टीच्या आसपास काय करावे लागते.

मी रेल्वेतला डिप्लोमा अभियंता. विमान हा माझा प्रांत नव्हे. परंतु रूळ, सिग्नल आणि फाटक यांच्यात आयुष्याची वीस-बावीस वर्षे गेली की माणूस कुठेही गेला तरी 'इथे गाडी चुकली तर काय होईल?' हाच प्रश्न विचारतो. त्याच नजरेने आपल्या छोट्या विमानतळांचा इतिहास पाहण्याचा हा प्रयत्न.

जुहू : माळरान ते धावपट्टी

आपल्याकडे नागरी विमानवाहतुकीचा श्रीगणेशा जुहूला झाला. १९२८ साली तिथे विमानतळ सुरू झाला तेव्हा तो समुद्राकाठचा एक सपाट मातीचा पट्टा होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन याच जुहूला उतरले. विमान होते एका इंजिनाचे, 'पुस मॉथ' जातीचे. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. त्या वेळी विमानात वायरलेस नव्हता आणि जमिनीवर दिशा दाखवणारे कोणतेही यंत्र नव्हते. नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारी नदी किंवा रेल्वेलाइन एवढ्यावर भिस्त. जगभरचे त्या काळचे वैमानिक रुळांचा माग काढत उडत, हे वाचून आम्हा रेल्वेवाल्यांची छाती थोडी फुगते!

जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई. मग टाटांचे माणसे-विमानांसकट सगळे बिऱ्हाड पुण्याला हलत असे. विमानतळाची सुरक्षा म्हणजे सगळ्यात आधी पाण्याचा निचरा, हा धडा तेव्हाचा आहे. आमच्याकडे गिट्टीखाली पाणी साचले की रूळ बसतो, त्यातलाच हा प्रकार.

दुसऱ्या महायुद्धात जवळच सांताक्रूझचा मोठा विमानतळ तयार झाला आणि स्वातंत्र्यानंतर मोठी विमाने तिकडे गेली. दोन विमानतळांमध्ये अंतर जेमतेम दोन-तीन किलोमीटर आणि दोन्हींच्या मुख्य धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम. यातून जे व्हायचे ते झालेच. जुलै १९५३ मध्ये ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनचे नवेकोरे 'कॉमेट' जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही, मात्र विमान तिथून बाहेर काढायला नऊ दिवस लागले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या 'डीसी-८' विमानानेही तीच चूक केली. या वेळी विमान आखूड धावपट्टी ओलांडून पुढे गेले आणि कायमचे निकामी झाले. प्राणहानी झाली नाही, हे नशीब.

एकोणीस वर्षांच्या अंतराने तीच चूक दोनदा होते तेव्हा ती एकट्या वैमानिकाची म्हणून सोडून देता येत नाही. रेल्वेत ड्रायव्हर शेजारच्या रुळाला आपला रूळ समजू नये म्हणून सिग्नलचा खांब कुठे उभा करावा याचे नियम आहेत. विमानतळावर हेच काम धावपट्टीचे क्रमांक, दिव्यांची रचना आणि वायरलेसवरचे मार्गदर्शन करते. उतरणाऱ्याला 'हीच ती' असे खात्रीने कळले पाहिजे.

चिकलठाणा, २६ एप्रिल १९९३

आता ज्या घटनेमुळे हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो.

इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे विमान दिल्लीहून जयपूर, उदयपूर, औरंगाबाद करत मुंबईला जात असे. २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी एकच्या सुमारास हे बोइंग ७३७ चिकलठाण्याहून निघाले. औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. विमानात ११२ प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. धावपट्टी तेव्हा सुमारे ६,००० फुटांची होती. ती संपल्यावर थोड्याच अंतरावर, साधारण चारशे फुटांवर, बीडकडे जाणारा रस्ता आडवा जात होता. त्या रस्त्यावरून त्याच क्षणी कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला एक ट्रक चालला होता.

विमान जवळजवळ सगळी धावपट्टी वापरून उशिरा उचलले गेले. त्याची चाके ट्रकवर आदळली. जायबंदी झालेले विमान कसेबसे पुढे गेले, काही किलोमीटरवर विजेच्या उच्च दाबाच्या तारांना धडकले आणि शेतात कोसळले. ५५ जण मृत्युमुखी पडले, ६३ वाचले.

चौकशी न्यायालयाने दोन कारणे नोंदवली. एक, वैमानिकांनी विमानाचे नाक उचलायला केलेला उशीर आणि त्यासाठी वापरलेली चुकीची पद्धत. दुसरे, विमानांच्या वेळेत त्या रस्त्यावरची वाहतूक नियंत्रित करण्यात तत्कालीन राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाला आलेले अपयश.

हे दुसरे कारण रेल्वेच्या माणसाने वाचले की त्याला लगेच ओळख पटते. धावपट्टीच्या टोकाचा तो रस्ता म्हणजे मानवरहित फाटकच! एका बाजूने शंभरावर माणसे घेऊन एक वाहन येते आहे, दुसऱ्या बाजूने ट्रक येतो आहे, आणि दोघांना एकमेकांची खबर नाही. ट्रकवाल्याचा तरी काय दोष? रस्ता सरकारी आणि उघडा. तो रोजच्यासारखा चालला होता.

रेल्वेने या प्रश्नाचे उत्तर दोन प्रकारे दिले. पहिले उत्तर इंटरलॉकिंगचे. अशा फाटकावर फाटक पडून कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. माणूस विसरला तरी यंत्र विसरत नाही. दुसरे उत्तर म्हणजे फाटकच काढून टाकायचे, पूल बांधायचा किंवा भुयारी रस्ता करायचा. ब्रॉडगेजवरचे शेवटचे मानवरहित फाटक जानेवारी २०१९ अखेर बंद झाले. त्याला किती दशके लागली आणि तोवर किती बैलगाड्या, जीपगाड्या आणि शाळेच्या बसगाड्या सापडल्या, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

चिकलठाण्याची धावपट्टी पुढे वाढली. आज ती सुमारे ९,३०० फुटांची आहे. पण मोठ्या आकड्याने हुरळून जाऊ नये. धावपट्टी लांब झाली की तिचे टोकही पुढे सरकते, आणि त्या टोकापुढे काय आहे हा प्रश्न पुन्हा नव्याने विचारावा लागतो.

टोकाच्या पलीकडची जमीन

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार धावपट्टी संपल्यावर ६० मीटरचा मोकळा पट्टा आणि त्यापुढे आणखी किमान ९० मीटरचे सुरक्षा क्षेत्र लागते. शिफारस तर २४० मीटरची आहे. या जमिनीवर काहीही बांधायचे नसते. ती रिकामी दिसते म्हणून लोकांना वाटते सरकारने उगाच अडवून ठेवली आहे. आमच्या बोर घाटात उतारावर ताबा सुटलेली गाडी चढावर घेऊन थांबवण्यासाठी 'कॅच सायडिंग' ठेवलेली आहे. वर्षानुवर्षे तिच्यावर एकही गाडी जात नाही. म्हणून ती फुकट गेली असे कोणी म्हणेल काय? मंगळूरला २२ मे २०१० रोजी १५८ आणि कोझिकोडला ७ ऑगस्ट २०२० रोजी २१ माणसे गेली. दोन्ही ठिकाणी डोंगरमाथ्यावरची धावपट्टी संपून विमान खाली गेले होते.

त्यानंतर येतात अडथळे. मोबाइलचा मनोरा, पाण्याची टाकी, उंच झाड, विजेच्या तारा, नवी इमारत. यंत्राच्या साहाय्याने उतरण्याच्या मार्गात टोकापासून साधारण ५० मीटर गेल्यावर १ मीटर उंची, असा चढता काल्पनिक पृष्ठभाग धरतात. त्याला छेदणारे काहीही नको. शिवाय १९३७ च्या विमान नियमावलीत विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरे कापण्यास आणि कचरा टाकण्यास मनाई केली होती, कारण घाणीमागे घारी-गिधाडे येतात. म्हणजे विमानाची सुरक्षा कुंपणाच्या आत संपत नाही. ती ग्रामपंचायतीच्या आणि नगरपालिकेच्या हद्दीत पसरलेली असते.

कोल्हापूर : राजाचा विमानतळ

छोट्या विमानतळाच्या वाढीचे चांगले उदाहरण उजळाईवाडीचे. १९३९ साली छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत तो सुरू झाला. संस्थानांच्या काळातली ही दूरदृष्टी. स्वातंत्र्यानंतर मात्र विमान कधी आले, कधी बंद पडले. पुढे तो महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे होता, नंतर भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आला. २०११ मध्ये मुंबईची सेवा थांबली ती 'उडान' योजनेत एप्रिल २०१८ मध्ये परत सुरू झाली.

धावपट्टी अनेक वर्षे १,३७० मीटरची होती, ती टप्प्याटप्प्याने १,९३० मीटर झाली. त्यासाठी शेजारच्या गावांची जमीन लागली आणि तामगाव-नेर्लीकडच्या रस्त्याचा प्रश्न उभा राहिला. पुन्हा धावपट्टी आणि रस्ता! गावकऱ्यांना पर्यायी रस्ता हवा, विमानाला मोकळे टोक हवे. दोघांचेही म्हणणे रास्त. म्हणूनच रस्त्याचा विचार पहिल्या आराखड्यातच झाला पाहिजे, भांडण झाल्यावर नव्हे.

२०२२ मध्ये तिथे रात्री विमान उतरवण्यास परवानगी मिळाली. 'नाइट लँडिंग' म्हणजे दिवे लावले की झाले, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात धावपट्टीच्या कडांचे दिवे, टोकाचे दिवे, उतरण्याचा कोन दाखवणारे 'पापी' दिवे, वीज गेल्यास जनित्र, आसपासच्या डोंगरांवर व मनोऱ्यांवर लाल दिवे, आणि प्रशिक्षित माणसे, एवढे सगळे लागते. 'पापी' हे नाव विचित्र असले तरी काम पुण्याचे आहे. चार दिव्यांपैकी दोन पांढरे, दोन लाल दिसले तर कोन बरोबर. चारही लाल दिसले तर विमान फार खाली आहे. आमच्या सिग्नलसारखीच ही रंगांची भाषा.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. तेव्हा या विमानतळाचा मदतकार्याला मोठा आधार झाला. छोटा विमानतळ ही केवळ श्रीमंतांची हौस नाही, हे त्या आठवड्यात कोल्हापूरकरांना पटले.

आपले लखनौ आणि धुके

लखनौला शत्रू रात्र नव्हे, धुके. डिसेंबर-जानेवारीत सिग्नल दिसत नाही तेव्हा आमच्याकडे सिग्नलच्या अलीकडे २७० मीटरवर रुळावर पटाखे बांधतात. आता ड्रायव्हरजवळ उपग्रहावर चालणारे 'फॉग पास' यंत्रही असते. अमौसीवर हेच काम 'इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम' करते. तिच्या पहिल्या श्रेणीत धावपट्टीवर ५५० मीटरपर्यंत दिसणे आवश्यक असते. अमौसीला असलेल्या 'कॅट-३ बी' श्रेणीत ५० मीटरवरही विमान उतरू शकते. मात्र विमान आणि वैमानिक दोघेही त्या श्रेणीचे लागतात. म्हणून एक विमान उतरते आणि दुसरे जयपूरला जाते. तेव्हा विमानतळाच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही.

१० मार्च २०२४ रोजी लखनौच्या तिसऱ्या टर्मिनलचे आणि कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन एकाच कार्यक्रमात झाले. त्याच दिवशी आपल्या शेजारचे आझमगढ, श्रावस्ती, चित्रकूट हे छोटे विमानतळही खुले झाले. ज्या छोट्या धावपट्टीवर यंत्रे नसतात तिथे वैमानिकाला डोळ्यांनी बघून उतरावे लागते आणि त्यासाठी ५ किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसावे लागते. उत्तर प्रदेशातल्या जानेवारीत ५ किलोमीटर कुठून आणायचे?

यावर आपल्याच देशातला उपाय आहे तो 'गगन'. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून ही व्यवस्था उभी केली. नागपूरसह १५ ठिकाणची केंद्रे उपग्रहाच्या संकेतातली चूक मोजतात आणि दुरुस्ती पुन्हा उपग्रहामार्फत विमानाला मिळते. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगढ या छोट्या विमानतळावर इंडिगोचे एटीआर विमान तिच्या साहाय्याने उतरले. यासाठी धावपट्टीजवळ महागडी यंत्रणा बसवावी लागत नाही. मात्र भोवतालच्या प्रत्येक अडथळ्याची अचूक मोजणी करावीच लागते. उपग्रह वाट दाखवील, वाटेतली पाण्याची टाकी तो हलवणार नाही. आपल्या मानकनगरच्या आर.डी.एस.ओ.ने विकसित केलेल्या 'कवच'बाबतही तेच. यंत्र कितीही चांगले असो, खालची पाहणी माणसालाच करावी लागते.

आपल्यापैकी अनेकांचे गाव आज विमानतळाची वाट पाहत आहे. निवेदने जातात, सह्या होतात. माझी विनंती एवढीच की त्या निवेदनात टर्मिनलच्या आधी चार ओळी लिहा : धावपट्टीच्या दोन्ही टोकांना किती जमीन मोकळी आहे, कोणता रस्ता आडवा जातो, पावसाचे पाणी कुठे जाते, आणि कचऱ्याचा डेपो किती अंतरावर आहे. ही कामे उद्घाटनाच्या फितीत बसत नाहीत आणि त्यांचे फोटो कुणी काढत नाही. चिकलठाण्याच्या त्या रस्त्यावर विमानांच्या वेळेपुरते एक फाटक आणि एक फाटकवाला असता, तर त्या दुपारी तो ट्रक विमानाच्या वाटेत आला नसता.

विघ्नहर्त्याला आपण दरवर्षी विघ्ने दूर करायला सांगतो. रस्त्यातली जी विघ्ने आपल्यालाच दिसतात ती तरी आपण हटवूया.

गणपती बाप्पा मोरया!